चिमणीवर नेम धरणारा पोरगा, ज्यानं देशाला पक्षी दाखवले : डॉ. सलीम अली

सोनाळा (ता. संग्रामपूर) : नोव्हेंबर लागला की पऱ्हाटीचा पहिला वेचा घरात येऊन पडलेला असतो, तूर फुलावर असते, हरभऱ्याची पेरणी आटोपत आलेली असते. याच दिवसांत धुऱ्यावर शेपटी खालीवर हलवत फिरणारा धोबी पक्षी दिसायला लागतो. अजून कुणी ज्वारी पेरत असेल तर तिच्यावर भोरड्यांचा थवा उतरतो आणि गोफण घेऊन माणूस मचाणावर चढतो. वारीच्या हनुमानसागरावर आणि लोणारच्या सरोवरावर बदकं येतात. ही सगळी पाहुणी मंडळी. काही हिमालयापलीकडची, काही मध्य आशियातली, काही त्याहून लांबची.

नेमक्या याच दिवसांत, ५ ते १२ नोव्हेंबर, आपल्या राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ तारीख म्हणजे अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस. १२ तारीख डॉ. सलीम अली यांची. शाळेत फोटोला हार घातला जातो, मुलांना दोन वाक्यं सांगितली जातात आणि कार्यक्रम संपतो. पण या माणसाची गोष्ट दोन वाक्यांत संपणारी नाही. डिग्री नव्हती, नोकरी गेली, बायको अर्ध्यावर सोडून गेली, आणि तरी जगभरात भारतातल्या पाखरांचा विषय निघाला की पहिलं नाव त्यांचंच निघायचं.

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मग मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या पोरक्या लेकरांना वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छर्‍याची एक छोटी एअरगन आणून दिली. गलोल हातात आलेलं पोरगं जे करतं तेच सलीमनं केलं. दिसेल त्या चिमणीवर नेम धरायला सुरुवात केली.

पण हा पोरगा मारायचा आणि लिहूनही ठेवायचा. दहा वर्षांच्या आसपास वय असेल. तबेल्याच्या भिंतीत एका चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर आणि नर बाहेर पहाऱ्याला. सलीमनं नर टिपला. थोड्या वेळात मादीनं दुसरा नर आणून बसवला. तोही टिपला. असं करत सात दिवसांत आठ नर मेले, आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळत गेला. ही नोंद त्यांनी वहीत करून ठेवली आणि पुढे मोठेपणी ती छापूनही आली. वाचताना अंगावर काटा येतो हे खरं. पण त्या वयात मारलेल्या चिमणीपेक्षा तिच्या मागे काय घडतं याकडे लक्ष जाणं, ही गोष्ट सगळ्या पोरांना जमत नाही.

एके दिवशी एक चिमणी पडली ती वेगळीच निघाली. गळ्यावर पिवळा डाग. मुसलमान घरातला पोरगा, त्याला प्रश्न पडला की हे पाखरू खायला चालतं की नाही. तो ते घेऊन मामाकडे गेला. मामालाही ओळखता आलं नाही. मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे पाठवलं. ही संस्था १८८३ साली मुंबईत सुरू झालेली, निसर्गाचा अभ्यास करणारी. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड हे इंग्रज गृहस्थ. साहेबाच्या केबिनमध्ये जायला त्या काळी मोठी माणसंही कचरायची. पण मिलार्ड यांनी कागदात गुंडाळलेलं पाखरू बघितलं, पिवळ्या गळ्याची रानचिमणी असं तिचं नाव सांगितलं आणि मग कपाटांचे खण एकेक करून उघडले. आत भुसा भरून ठेवलेले शेकडो पक्षी. नुसत्या चिमण्यांचेच किती प्रकार! त्यांनी पोराला पुस्तकं वाचायला दिली, पाखराचं कातडं काढून ते टिकवायचं कसं तेही शिकवायची सोय केली. सलीम अलींचं आयुष्य त्या कपाटासमोर वळलं. म्हातारपणी १९८५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याचं नावही त्या पडलेल्या चिमणीवरूनच ठेवलं.

अभ्यासात मात्र पोरगा यथातथाच. डोकं दुखायचं म्हणून मध्ये शाळा सुटली, हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाईकांकडे पाठवलं. १९१३ मध्ये मॅट्रिक कसंबसं पास झाले. कॉलेजचं गणित काही जमेना. मग घरच्यांनी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, भावाच्या धंद्यात हातभार लावायला धाडलं. तिथं टंगस्टनच्या खाणी होत्या आणि लाकडाचा व्यापार होता. धंद्यात लक्ष कमी, जंगलात जास्त. शेवटी धंदा बुडाला. मधल्या काळात मुंबईत येऊन त्यांनी व्यापारी कायदा आणि हिशेबाचं शिक्षण घेतलं, सोबत सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्रही शिकले. १९१८ च्या डिसेंबरमध्ये दूरच्या नात्यातल्या तेहमिना यांच्याशी लग्न झालं.

सरकारी प्राणिशास्त्र खात्यात पक्ष्यांच्या जाणकाराची जागा निघाली होती. सलीम अलींनी प्रयत्न केला. पण विद्यापीठाची पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही. पुढे ज्या माणसाची पुस्तकं विद्यापीठांत लागली, त्याला कागद नाही म्हणून दारातून परत जावं लागलं. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी मिळाली, महिना ३५० रुपये. तेव्हाच्या मानानं चांगला पगार. पण दोनच वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला खरं शास्त्र येत नाही. रजा काढून ते युरोपात शिकायला गेले. लंडनकडून थंड उत्तर आलं, तर बर्लिनच्या एर्विन स्ट्रेसेमान यांनी या म्हणून कळवलं. तिथं शास्त्रशुद्ध काम ते शिकले. जर्मनीच्या हेल्गोलँड बेटावरही गेले. समुद्रातलं हे एवढंसं बेट, पण दर शरद ऋतूत उत्तरेकडून दक्षिणेला जाणारे पक्षी तिथं दमून उतरतात. त्यांना जाळ्यात अलगद धरायचं, पायात नंबर घातलेली कडी अडकवायची आणि सोडून द्यायचं. हे पाखरू पुढे कुठं सापडलं तर कडीवरून त्याचा रस्ता कळतो. ही विद्या त्यांनी तिथं बघितली. तिचा उपयोग तीस वर्षांनी होणार होता.

१९३० मध्ये परत आले तर नोकरी गेलेली. पैसे नाहीत म्हणून म्युझियमनं ती जागाच बंद केली होती. शिकून आलेला माणूस घरी बसला. मुंबईत राहणं परवडेना. मग दोघं नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला, समुद्रकाठच्या घरात राहायला गेली.

आणि तिथंच त्यांच्या हातून पहिलं मोठं काम झालं. घराजवळच्या झाडांवर सुगरणींची घरटी लोंबत होती. आपल्याकडे विहिरीवरच्या बाभळीला, शिंदीला लोंबतात तशीच. सलीम अली शिडी लावून, आडोसा करून तासन् तास त्यांच्यासमोर बसून राहिले. पावसाळाभर. जे दिसलं ते याआधी कुणी नीट मांडलेलं नव्हतं. घरटं विणतो तो नर. अर्धं विणून झालं, टोपीसारखा आकार आला की तो थांबतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरतात, चोचीनं ओढून घरटं तपासतात. पसंत पडलं तर मादी तिथं ठाण मांडते, मग नर पुढची नळी विणून घर पुरं करतो. नापसंत झालं तर घर तसंच अर्धवट राहतं. बाभळीखाली अर्धी घरटी पडलेली दिसतात त्याचं एक कारण हे. मादी अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घर बांधायला घेतो आणि दुसरी मादी शोधतो. असे एकामागून एक तीन-चार संसार. आपण मराठीत तिला सुगरण म्हणतो, बाईचं कौतुक करतो. विणकाम सगळं नवऱ्याचं आणि पसंती बायकोची, हे मात्र किहीमच्या त्या बेरोजगार माणसानं नोंदवलं.

पुढं पोटापाण्याचा मार्गही त्यांनी आपणच काढला. तेव्हा देशात संस्थानं होती आणि तिथल्या पक्ष्यांची नीट यादीही कुणी केलेली नव्हती. त्यांनी कळवलं की पगार नको, फक्त प्रवासाचा आणि तंबूचा खर्च द्या. हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली. आपल्या जिल्ह्याला खेटून असलेला जालना, औरंगाबादचा भाग तेव्हा याच निजामाच्या राज्यात होता. मग त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. बैलगाडी, उंट, पायी, जसं जमेल तसं. तेहमिना श्रीमंत घरातल्या, इंग्लंडमध्ये शिकलेल्या. पण तंबूतला संसार त्यांनी मनापासून केला. नवऱ्याच्या लिखाणाचं इंग्रजी सुधारण्यातही त्यांचा हात होता.

१९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. मूलबाळ नव्हतं. सलीम अली तेव्हा ४२ वर्षांचे. बहीण आणि मेहुण्यांनी त्यांना आपल्या वांद्र्याच्या घरी नेलं आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी तिथूनच काढलं. दुसरं लग्न केलं नाही.

दोन वर्षांनी, १९४१ मध्ये, भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. रंगीत चित्रं, सोपी भाषा. त्याआधी पक्षी बघणं हा साहेबांचा छंद होता. या पुस्तकामुळे शिक्षक, कारकून, रेल्वेतला बाबू असा कुणीही बागेतलं पाखरू ओळखायला लागला. पंडित नेहरूंनी तुरुंगात असताना हे पुस्तक इंदिरा गांधींना भेट दिलं होतं, आणि त्यांना पक्ष्यांची गोडी लागली. पुढे हे वजन कामाला आलं. स्वातंत्र्यानंतर इंग्रज निघून गेले तेव्हा पैशाअभावी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी बंद पडायची वेळ आली होती. सलीम अलींनी नेहरूंना लिहिलं, मदत मिळाली, संस्था तगली.

अमेरिकेचे सिडनी डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी भारत आणि पाकिस्तानच्या पक्ष्यांवर १० खंडांचा ग्रंथ लिहिला. १९६८ ते १९७४ या काळात तो छापून आला. पहिला खंड आला तेव्हा सलीम अलींनी सत्तरी ओलांडली होती. या माणसाला मोटारसायकलचंही भारी वेड. १९५० मध्ये स्वीडनला जगभरच्या पक्षीतज्ज्ञांचं संमेलन होतं, तर यांनी आपली सनबीम गाडी बोटीनं युरोपात नेली आणि ५३ व्या वर्षी तिच्यावर बसून तिथं फिरले.

हेल्गोलँडला शिकलेली कडीची विद्या कामाला आली ती एका रोगामुळे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा भागात जंगलात माकडं मरायला लागली, पाठोपाठ माणसंही तापानं मरायला लागली. गोचिडांतून पसरणारा हा ताप. त्याचा विषाणू रशियातल्या एका रोगाच्या विषाणूसारखा निघाला. मग शंका आली की सैबेरियाकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावर बसून तर गोचीड इथं येत नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं सोसायटीनं १९५९ पासून पक्षी धरून कड्या घालायला सुरुवात केली. कच्छ, भरतपूर, तामिळनाडूच्या समुद्रकाठचं कोडिक्करै. पहाटे जाळी लावायची, पाखराचं वजन करायचं, पंख मोजायचे, अंगावरची गोचीड काढून तपासणीला पाठवायची, कडी घालून सोडायचं. शरद ऋतूत कोडिक्करैच्या खाजणात उतरणारे चिखलपायटे आणि तुतारी पक्षी हजारोंनी या हातांतून गेले. रोग पक्ष्यांनी आणला असं काही सिद्ध झालं नाही. पण कुठलं पाखरू कुठून येतं याचा पहिला पक्का हिशेब या कामातून हाती लागला. त्या कड्यांवर मुंबईच्या सोसायटीला कळवा अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं असतात. आजही एखाद्या तळ्याकाठी मेलेल्या बदकाच्या पायात अशी कडी दिसली, तर तिचा फोटो काढून नंबर वनखात्याला किंवा सोसायटीला कळवता येतो. तेवढ्यावरून त्या पाखराचा हजारो किलोमीटरचा प्रवास कळतो.

भरतपूरचं प्रकरण तर सांगायलाच हवं. राजस्थानातलं हे पाणथळ म्हणजे महाराजांचं शिकारीचं रान. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीनं तिथं एका दिवसात ४,२७३ बदकं-हंस मारले. योगायोग असा की तो सलीम अलींचा ४२ वा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर तळी आटवून जमीन कसायला द्या अशी मागणी झाली. मागणी गरिबांचीच होती, तिच्यात काही गैर नव्हतं. सलीम अलींनी नेहरूंकडे शब्द टाकला आणि पाणथळ वाचलं. १९८५ मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला.

पण त्याच भरतपुरात त्यांची एक बाजू चुकलीही. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तिथं म्हशी चारायला बंदी आली. बंदी व्हावी असं सलीम अलींचंही मत होतं. पिढ्यान् पिढ्या गुरं चारणारी गावं चिडली, पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला, गावकऱ्यांचे जीव गेले. आणि पुढे त्यांच्याच सोसायटीनं केलेल्या दीर्घ अभ्यासात निघालं काय, तर म्हशी खात होत्या म्हणून गवत आटोक्यात होतं. त्या बंद झाल्यावर गवत माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि पक्ष्यांचंच नुकसान झालं. अंबाबरव्याच्या कडेला राहणाऱ्यांना चराईचा वाद काय असतो ते वेगळं सांगायला नको. सलीम अलींचं मोठेपण सांगताना ही गोष्ट बहुतेक जण गाळतात. गाळू नये.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. १९६७ मध्ये ब्रिटनच्या पक्षीतज्ज्ञांच्या संघटनेनं सुवर्णपदक दिलं, ब्रिटिश नसलेल्या माणसाला ते पहिल्यांदाच मिळालं. निसर्गरक्षणासाठीचा जे. पॉल गेटी पुरस्कारही मिळाला आणि त्याची मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठीच दिली. केरळातलं सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणात जाऊ नये म्हणूनही ते बोलले. १९८५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमलं. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षात, मुंबईत त्यांचं निधन झालं.

एक पाखरू मात्र त्यांना अखेरपर्यंत चकवत राहिलं, आणि ते आपल्या सातपुड्यातलं. रानपिंगळा. घराच्या वळचणीला दिसतो त्या पिंगळ्याचा जंगलातला भाऊबंद. १८७३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं, १८८४ मध्ये खानदेशात शेवटचा नमुना मिळाला आणि मग तो गायबच झाला. गुजरातेत १९१४ मध्ये एक मिळाल्याची नोंद होती तेवढीच. सलीम अली आणि रिप्ले यांनी त्याचा शोध घेतला. सापडला नाही. सापडणार कसा? ती १९१४ ची नोंद खोटी होती. कर्नल माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लंडनच्या म्युझियममधला जुना खानदेशी नमुनाच चोरला होता, तो नव्यानं भरून त्यावर गुजरातच्या मांडवीची चिठ्ठी लावली होती. हाच कर्नल १९३७ मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेत सलीम अलींच्या सोबत होता. एकाच तंबूच्या मुक्कामात राहिलेल्या माणसानं जगाला चुकीच्या रानात पाठवलं, हे सलीम अलींना हयातीत कळलं नाही.

अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी म्युझियममधल्या त्या नमुन्यांची चोरी उघडी पाडली, खोटी नोंद बाजूला सारली आणि जुन्या खऱ्या जागांवर शोध घेतला. सलीम अलींना जाऊन दहा वर्षं झाली होती. नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिसला. त्यानंतर तो मेळघाटातही सापडला, म्हणजे सोनाळ्याच्या उत्तरेला जो डोंगर दिसतो त्याच रांगेत. बाकीच्या घुबडांसारखा तो रात्रीची वाट बघत नाही. सकाळी उन्हं वर आली की पानं झडलेल्या सागाच्या शेंड्यावर उघड्यावर बसतो आणि शेपटी इकडून तिकडे झटकत खालच्या गवतातला सरडा हेरत राहतो.